पूजेतली मधली जागा

तंजावूर,
६ जुलै २०२५

अण्णा,

हे पत्र मी हातानं लिहीत नाही. मी बोलतेय आणि शाळेचा लॅपटॉप लिहितोय. शेजारी धनलक्ष्मी टीचर बसल्यात. त्यांना आपली घरची मराठी कळत नाही, म्हणून त्यांच्याबद्दलही बोलता येतं. त्या फार कडक आहेत. आता हसल्या. स्वतःचं नाव तेवढं कळलं.

आमच्या शाळेत या वर्षी एक वेगळी खोली केलीय. अक्षरं ज्यांच्या डोळ्यांपुढे जागेवर बसत नाहीत अशी बारावीची आम्ही सहा मुलं तिथं रोज दोन तास असतो. टीचर म्हणतात, कॉलेजात कोणी हात धरून शिकवणार नाही, तेव्हा यंत्रांची सवय आत्ताच करा. बोलून लिहायचं, ऐकून वाचायचं, ऐकता ऐकता चूक धरायची. आणि दर थोड्या दिवसांनी दूरच्या माणसाला लांब पत्र. फोन चालणार नाही. दूरचं माणूस मला एकच आहे.

मला एक पेन दिलंय. त्यानं लिहीत नाहीत. जाड मार्करएवढं असतं, ओळीवरून फिरवलं की कानात वाचून दाखवतं, तमिळ आणि इंग्रजी. शाळेत असं एकच आहे. परवा मी पुस्तकाचं एक अख्खं पान एकटीनं संपवलं. सतराव्या वर्षी, अण्णा! आईनं त्या दिवशी केसरी केली, साजूक तुपातला केशरी शिरा.

तू उत्तर लिही. राजलक्ष्मी आत्या वाचून दाखवेल. पेनला मराठी येत नाही. फोनच्या कॅमेऱ्याला येतं, पण तुझं अक्षर बघून तोही शाळा सोडेल. पाटी रंगवल्यासारखं मोठं, सुटं लिहिलंस तरच वाचेल.

तुझी,
हरिता

•

कोल्हापूर,
२० जुलै २०२५

हरिते,

आशीर्वाद वगैरे आत्या वाचताना आपल्या पदरचे घालेलच, म्हणून मी कागद वाचवतो.

तुझं पत्र मिळालं. यंत्रानं लिहिलेलं, एक खाडाखोड नाही. माझं हे दोन रविवार चाललंय. फाउंड्रीत आठवडाभर वाळूचे साचे थापायचे आणि रविवारी अक्षरं. साचा चुकला तर मोडून परत करता येतो, अक्षर चुकलं की चुकलं. खोलीतले तिघं विचारतात, कोण पोरगी आहे रे? बहीण म्हटलं तर कोणाचा विश्वास नाही. बहिणीला कोण एवढा घाम गाळून लिहितं?

ही देवनागरी मी इथंच बसच्या पाट्या वाचून शिकलो. हिच्यात मला अजून कोणी मारलं नाही. तमिळ अक्षर दिसलं की आजही तळहात चुरचुरतात. तुला ठाऊक नसेल, तू लहान होतीस. सहावीपर्यंत मास्तर मारायचे. मग कंटाळले, आणि वाचनाचा तास आला की मला कोपऱ्यावर कॉफी आणायला पाठवायला लागले. चार मास्तर, कोणाची साखर किती, कोणाची कडक, कोणाची पातळ, सगळं पाठ होतं. आठवीपर्यंतचं माझं शिक्षण तेवढंच. घरी आई म्हणायची, याचं मनच लागत नाही. केसरी झाल्याचं काही आठवत नाही.

तेव्हा खोली नव्हती, पेन नव्हतं, टीचर नव्हत्या. बरं आहे तुझं.

इथं कंटाळा आलाय. तिरुप्पूर सोडलं, होसूर सोडलं, आता सुरतला काम आहे म्हणतात. बघू.

आत्या, शेवटचा परिच्छेद आईला वाचून दाखवू नको. त्याच्या आधीचे दोनही नको.

सांबशिव

•

तंजावूर,
१० ऑगस्ट २०२५

अण्णा,

आत्यानं सगळं वाचलं. "वाचू नको असं लिहिलंय" हेसुद्धा वाचलं. "काय रे हे, मज ओळ दिसली की थांबवत नाही," म्हणाली. आई केसरीच्या ओळीला उठून आत गेली आणि बराच वेळ भांडी वाजवत होती.

टीचर आम्हाला एक वाक्य पाठ करायला लावतात: "मला वाचायला वेळ लागतो. मी हे यंत्र वापरून वाचते. थोडं थांबा." हे अनोळखी माणसाला बाहेर जाऊन सांगायचं. त्यात 'माफ करा' आलं की पुन्हा पहिल्यापासून. मी पोस्टात सांगितलं. खिडकीतला माणूस म्हणाला, "वाच की बाई, मला कुठं जायचंय?" आणि मी फॉर्मवरून पेन फिरवत बसले. मागे रांग होती. कोणी हसलं नाही. एक आजोबा म्हणाले, माझ्या पासबुकावरूनही फिरव.

आता खरी गोष्ट. तिरुचीच्या एका कॉलेजात अशा मुलांचा शनिवार-रविवारचा वर्ग आहे, जानेवारीपासून. जागा दहाच. वर्गात घेतलं की बी.एस्सी.ला तिथंच प्रवेश, आणि यंत्रं, जादा वेळ, सगळं मिळतं. मला बॉटनी घ्यायचीय. ओरत्तनाडूच्या शेतातलं कुठलंही पान मी हातात घेऊन ओळखते, नावं लिहिता येत नाहीत एवढंच. चाचणी ९ नोव्हेंबरला आहे. न पाहिलेलं एक पान देतात, ते आपल्या यंत्रानं वाचून उत्तरं बोलायची. फोन चालत नाही, त्यात इंटरनेट असतं. पेन चालतं. म्हणून पेन माझ्याकडे.

फॉर्मात एक प्रश्न होता: घरात आणखी कोणाला असा त्रास आहे का? मी 'हो, थोरल्या भावाला' असं सांगितलं. टीचर म्हणाल्या, ते गावी आले की भेटव, मोठ्यांचीही तपासणी होते, बाहेरून दहावी करता येते.

तू रागावशील. तरी सांगितलं.

हरिता

•

कोल्हापूर,
३१ ऑगस्ट २०२५

हरिते,

रागावलोच. कोणाला विचारून लिहिलंस? मला काही झालेलं नाही. तुला 'त्रास' आहे, कारण तुझ्यापाशी टीचर आहे आणि फॉर्म आहे. मला नुसता मार होता. तुझ्या फॉर्मात त्याचा रकाना नसेल.

इथं सुपरवायझर कामाची चिठ्ठी देतो. ती मी कशी वाचतो ठाऊक आहे? दुसऱ्याच्या हातात देतो आणि म्हणतो, "डोळ्यात वाळू गेलीय, काय लिहिलंय बघ." वर्षभर माझ्या डोळ्यात वाळू आहे. इथं कोणाला कळलेलं नाही. आणि तू तिरुचीपर्यंत कळवलंस.

आयुधपूजेला येतोय. रजा मंजूर झाली. साचा गुळगुळीत करायची माझी थापी आणतोय, पूजेत ठेवायला. तीन वर्षं तीच हातात आहे, मूठ माझ्या तळव्याची झालीय. आईला सांग, पाट मोठा काढ.

सांबशिव

•

कोल्हापूर,
५ ऑक्टोबर २०२५

हरिते,

पोचलो. गाडीत बसायला जागा मिळाली. दसऱ्याच्या सकाळीच निघालो, तू पूजेत ठेवलेलं पुस्तक उघडायच्या आधी, त्याबद्दल आत्यानं टोमणे मारले असतील. रजा तेवढीच होती.

आईचं हरभऱ्याचं सुंडल इथपर्यंत टिकलं, खोलीतल्यांनी संपवलं.

अभ्यास कर. पेन चालतंय ना? सहज विचारतो.

सांबशिव

•

तंजावूर,
१२ ऑक्टोबर २०२५

अण्णा,

पेन चालत नाही.

दसऱ्याला पाटावरून उचललं, पुस्तक उघडलं, ओळीवर फिरवलं. दिवा लागतो, पण कानात काही नाही. मला वाटलं, पूजेचा दिवस आहे, तेही रजेवर असेल. दुसऱ्या दिवशीही गप्प.

आईनं पूजेत सगळ्यांना लावतो तसं त्यालाही चंदनकुंकू लावलं होतं, बटणाशेजारी. तिथनं ओल आत गेली असं ती म्हणते. "मज काय ठाऊक, एवढ्याशा ठिपक्यानं त्याचा गळा बसेल म्हणून!" दुसऱ्या दिवशी ती न जेवता शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. टीचरनी आत बोलावलं तर आत जाईना. बाहेरच हात जोडून म्हणाली, "मी अडाणी बाई, देवाचं म्हणून लावलं, पोरीला शिक्षा करू नका." टीचरच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या नाही आलं. मला फक्त राग आला, आणि कोणावर ते कळेना.

पेन दुरुस्तीवाल्याकडे दिलंय. बटणाची बाजू उघडून पुसणार आहे. दुसरं पेन दोन महिन्यांशिवाय मिळत नाही. चाचणीला चार आठवडे आहेत.

आईनं सहाण उलटी करून फळीवर ठेवलीय. म्हणते, चंदनाला पुन्हा हात लावणार नाही. देवाला नुसतं फूल वाहते आणि लगेच मागे सरते, जणू तिथं कोणी रागावेल.

हरिता

•

कोल्हापूर,
१९ ऑक्टोबर २०२५

हरिते,

वाचलं. वाईट झालं.

पण एवढं काय आभाळ कोसळलंय? यंत्रच ते, बंद पडायचंच. पेन नव्हतं तेव्हा तू शिकलीसच ना? पाचवीत तुला सगळा इतिहास कोणी सांगितला? मी तिरुप्पूरहून सुट्टीला आलो की मागच्या पायरीवर बसून तू विचारायचीस आणि मी शेजारच्या गणेशकुमारकडून धडा ऐकून येऊन तुला सांगायचो. एकदा ऐकलेलं मी विसरत नाही. तुझे शंभरातले साठ माझ्या तोंडचे होते. तेव्हा तुझ्या कानात मी होतो. ते विसरलीस.

आणि नाहीच झालं तिरुची, तर काय? कॉलेजाशिवाय मी मेलो का? पानं ओळखायला बी.एस्सी. कशाला लागते?

एक विचारायचं राहिलं. माझी थापी पूजेत कुठं होती, तुझ्या लक्षात आहे का? नसेलच. पाटाच्या कडेला, नारळाच्या विळीला टेकून. मधे रेशमी कापडावर काय होतं ते तुला ठाऊक आहे. बाबा होते तोवर मधे त्यांचा कंडक्टरचा पंच असायचा. त्यांच्या मागं दर वर्षी माझंच काहीतरी असायचं, मी नसलो तरी. या वर्षी मी हजार किलोमीटर थापी घेऊन आलो.

जाऊ दे. दिवाळीला गोड खा.

सांबशिव

•

तंजावूर,
२६ ऑक्टोबर २०२५

अण्णा,

आत्यानं तुझं पत्र वाचलं आणि घडी घालून म्हणाली, "याला पोटात काय टोचतंय मज कळत नाही, पण टोचतंय खरं." आई उठून आत गेली. या वेळी भांडीही वाजली नाहीत.

पेन परत आलं, तसंच. दुरुस्तीवाल्यानं दोनदा बटणाची बाजू उघडली. आत कोरडं ठणठणीत आहे म्हणतो. दोष कुठं आहे कळल्याशिवाय तो काही करू शकत नाही, आणि चेन्नईला पाठवलं तर चाचणी होऊन जाईल.

मी सध्या आत्याकडून इंग्रजी ऐकते. ती 'फोटोसिंथेसिस' असं म्हणते की ती एखाद्या मेव्हणीचं नाव घेतेय असं वाटतं. आई हसते, मग आठवण होते आणि हसायची थांबते. मला ते पेन बंद पडण्यापेक्षा वाईट वाटतं.

तू लिहिलंस, मी विसरले. ऐक. पेनमध्ये सहा आवाज आहेत. तीन बाईचे, तीन पुरुषाचे. सगळ्या मुलांना पहिला बाईचा आवाज आवडतो, स्पष्ट आहे. मी पाचवा ठेवला होता. जरा घोगरा, वाक्याच्या शेवटी खाली उतरणारा. टीचरनी विचारलं, हा का? मी म्हटलं, मला धडा याच आवाजात समजतो.

चाचणीला जाणार आहे. पेन नसलं तर टीचर 'उपकरण नाही' असं लिहून देतील आणि मी नुसती बसून येईन. पण जाणार.

हरिता

•

कोल्हापूर,
३१ ऑक्टोबर २०२५

हरिते,

हे पत्र आत्याकडे देऊ नको. एकटीच फोन धरून ऐक, कानात घालून. म्हणून पाटीसारखं लिहितोय, एकेक अक्षर सुटं. कालची सगळी रात्र गेली. फोन केला होता, आईनं उचलला, मी ठेवला.

चंदन मी भरलं.

आयुधपूजेच्या संध्याकाळी तुम्ही सगळ्या आत्याकडचा कोलू, मांडलेल्या बाहुल्या बघायला गेलात. मी डोकं दुखतं म्हणून मागे राहिलो. पाटापुढे बसलो. मधे तुझं पेन, फूल घातलेलं. विळीपाशी माझी थापी, तिच्यावर कुंकवाचं एक बोटही नीट लागलेलं नव्हतं. मी पेन उचललं. नुसतं बघायला. ओळीवर फिरवून बघितलं, तुझ्या पुस्तकावर. त्यानं वाचलं. एका दमात, न अडखळता, आठवीत मी जिथं अडकायचो तसली ओळ. मी अजून एक फिरवली, अजून एक. पाच ओळी ऐकल्या. आणि मग मला इतका राग आला की हात माझा राहिला नाही. एवढंच लागत होतं? एवढ्याशा वस्तूसाठी मी चार मास्तरांची कॉफी आणत होतो?

सहाणेवर चंदन ओलं होतं. काडीनं भरलं. बाहेरून बोटानं पुसलं. मग आईनं लावलेल्या ठिपक्यासकट जसं होतं तसं ठेवलं.

आता नीट ऐक. बटणाची बाजू सोडा, तिथं काही नाही. पेनच्या नाकाशी बारीक काच आहे, तिच्या कडेला काडीचं टोक जाईल एवढी फट आहे. चंदन तिच्यातून आत, काचेच्या मागे आहे. ओलं करू नका, वितळून पसरेल. सुकलेलं चंदन साच्यातल्या वाळूसारखं असतं, कोरडंच सुटतं. दुरुस्तीवाल्याला नाकाकडचे दोन स्क्रू काढायला सांग. सुईनं आधी कडा मोकळ्या करायच्या, मधे टोचायचं नाही. मग सोबत पाठवलेला ब्रश, एकाच दिशेनं. साच्यातली वाळू काढायचा आहे, केस मऊ आहेत. शेवटी रबरी फुग्यानं हवा, तोंडानं फुंकायचं नाही, वाफ जाते.

स्पीड पोस्टानं पाठवतोय. चौथ्या दिवशी मिळालं पाहिजे.

मला तुझा हेवा वाटतो. अजून वाटतो. पाचव्या आवाजाचं ऐकून तर जास्तच वाटला, का ते कळत नाही.

आई उपाशी राहिली हे वाचल्यावरही मी दिवाळीचं ते पत्र लिहिलं. ते माझ्याच्यानं आता वाचवत नाही.

सांबशिव

•

तंजावूर,
१० नोव्हेंबर २०२५

अण्णा,

४ तारखेला मिळालं. मी गच्चीवर जाऊन फोननं ऐकलं. फोनचा आवाज सपाट आहे, 'चंदन मी भरलं' आणि 'स्पीड पोस्टानं पाठवतोय' सारख्याच सुरात म्हणाला. मला दोनदा ऐकावं लागलं.

दुरुस्तीवाल्याकडे मीच गेले. म्हटलं, नाकाची बाजू उघडा. तो म्हणाला, तुला कसं ठाऊक? मी म्हटलं, माझा भाऊ कारागीर आहे, त्यानं कोल्हापूरहून सांगितलं. खोटं नाही बोलले. तुझ्या ब्रशनं काढलं. एवढीशी पिवळी ढलपी निघाली, करंगळीच्या नखाएवढी. पेन बोललं.

काल चाचणी झाली. पान तिवरांच्या मुळांबद्दल होतं, चिखलातून वर येऊन श्वास घेणाऱ्या. मी दारात वाक्य म्हटलं, 'माफ करा' न म्हणता. पेन थोडं तापलं की त्याला चंदनाचा वास येतो, अजून. सगळा वेळ तू आठवत होतास. चांगल्या अर्थानं नाही.

आईला मी काही सांगितलेलं नाही. तिला वाटतं, दुरुस्तीवाल्याला आपोआप सापडलं. सहाण अजून उलटीच आहे. ती सरळ करणं माझं काम नाही.

आई मराठी अक्षरं वाचत नाही, तुला ठाऊक आहे. तमिळ वाचते.

हरिता

•

कोल्हापूर,
१६ नोव्हेंबर २०२५

आई,

ही अक्षरं तमिळ आहेत आणि माझी आहेत. बोलणं आपलं घरचंच आहे. अकरा वर्षांनी ती हातात घेतोय, म्हणून थोडं लिहितो.

पेनमध्ये चंदन मी घातलं. तू नाही. तुझा ठिपका बाहेर होता. मी आत भरलं, रागानं.

तू शाळेच्या फाटकाशी उभी राहिलीस ते माझ्यामुळं. तिथं मी उभं राहायला पाहिजे होतं.

चंदनाचा काही दोष नाही. सहाण सरळ कर.

सांबा

•

तंजावूर,
३० नोव्हेंबर २०२५

अण्णा,

आईनं पत्र खिडकीशी नेऊन बोट ठेवून वाचलं. एकदा, दोनदा. मी समोर बसले होते. मला वाटलं आता रडेल किंवा ओरडेल. तिनं वर बघून पहिलं काय विचारलं असेल? "हे त्यानं स्वतः लिहिलंय? कोणाकडून लिहवून नाही घेतलं?"

मी म्हटलं, स्वतः.

"ळ उलटा काढलाय," म्हणाली. "लहानपणीही उलटाच काढायचा. मी त्याला त्यासाठी मारलंय."

मग कागद खाली ठेवला आणि ओरडली. आत्या शेजारून धावत आली इतकी. "पाच वर्षं मधे याचंच होतं! पान्हे, हातोड्या, काय काय! पोरीचं एकदा ठेवलं तर हा मोजत बसला होता? आणि थापी विळीला टेकवली म्हणे. मग काय डोक्यावर घेऊ? तिच्यातनं वाळू पडत होती, रेशमावर ठेवली असती तर कापड गेलं असतं!" आत्या म्हणाली, "जाऊ दे गं." आई म्हणाली, "का जाऊ दे? मी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उपाशी होते."

संध्याकाळी सहाणेचा आवाज आला. मी बाहेर येऊन बघितलं नाही.

निरोप आहे: पोंगलला यायचं. सगळ्या पूजेचं चंदन तू उगाळायचं, हात दुखेपर्यंत, आणि ती सांगेल तेव्हाच थांबायचं.

यादी लागली. दहा जणांत माझं नाव सातवं आहे. पेनच फिरवून वाचलं, पाचव्या आवाजात.

मी अजून रागावलेली आहे. तरी सांगितलं.

हरिता

•

कोल्हापूर,
१४ डिसेंबर २०२५

हरिते,

हे परत पाटीसारखं लिहितोय, पण आत्यासमोर लावलंस तरी चालेल.

यादीचं वाचलं तेव्हा आधी पोटात दुखलं आणि मग आनंद झाला. या क्रमानं. उलट सांगितलं असतं तर तुला खरं वाटलं नसतं.

परवा सुपरवायझरनं चिठ्ठी दिली. मी शेजारच्याला देणार होतो. मग म्हटलं, "साहेब, मला वाचायला वेळ लागतो. थोडं थांबा." 'माफ करा' म्हटलं नाही, ओठांवर आलं होतं. तो म्हणाला, "आणि डोळ्यातली वाळू?" मी म्हटलं, "ती निघाली." तो उभा राहिला. मी चार ओळींना किती वेळ लावला ते विचारू नको, भट्टीवरचा माणूस दोनदा हाक मारून गेला. पण चिठ्ठी मीच वाचली. मग साहेब म्हणाला, आधी सांगितलं असतंस तर तोंडी सांगितलं असतं, त्यात काय. या 'त्यात काय'चा मला राग आला, पण तो आता तुझ्यावर काढणार नाही.

सुरतचं रद्द केलंय, निदान पोंगलपर्यंत. आईला सांग, चंदन उगाळेन. थापी आणणार नाही, वाळू पडते.

आणि धनलक्ष्मी टीचरना सांग, येतोय. त्यांच्या खोलीत जिथं म्हणतील तिथं बसेन, तपासायचं ते तपासू देत. कॉफी आणायला मात्र उठणार नाही.

तुझा,
सांबशिव